थेंब पडायचा केव्हा?

प्रश्न : डांबराचा एक थेंब पडायला आठ-दहा वर्षं लागतात असा प्रयोग परदेशात चालू आहे, असं आमच्या सरांनी सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ती माणसं कंटाळत कशी नाहीत?
— इयत्ता नववीतली एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : सरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे. उलट थोडं कमीच सांगितलं. अलीकडचे थेंब बारा-तेरा वर्षं घेऊ लागले आहेत.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला क्वीन्सलंड विद्यापीठ आहे. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक टॉमस पार्नेल यांना विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट दाखवायची होती. जे घट्ट दिसतं ते घन असेलच असं नाही. त्यासाठी त्यांनी डांबर निवडलं. आपल्या रस्त्यावर ओततात ते नव्हे. त्याचं घराणं वेगळं, ते खनिज तेलातून निघतं. पार्नेलांनी घेतलं ते, जुन्या काळी होड्या-जहाजांच्या फटी बुजवायला वापरत, त्या जातीचं. हातात घेतलं तर दगड वाटावं, आणि हातोडी हाणली तर ठिकऱ्या उडाव्यात असं. १९२७ साली त्यांनी ते तापवून एका काचेच्या नरसाळ्यात ओतलं. नरसाळ्याची नळी खालून बंद केलेली होती. मग तीन वर्षं त्याला हातही लावला नाही, कारण डांबर नीट बसायला हवं होतं. १९३० साली नळीचं टोक कापलं, खाली काचेचं भांडं ठेवलं आणि वर काचेचं झाकण घातलं. करायचं होतं ते एवढंच.

पहिला थेंब पडला डिसेंबर १९३८ मध्ये. दुसरा १९४७ च्या फेब्रुवारीत. १९४८ साली पार्नेल वारले. म्हणजे ज्याने प्रयोग मांडला त्याच्या हयातीत दोन थेंब.

पुढे हे नरसाळं विभागातल्या एका कपाटात पडून राहिलं. इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्याच्याकडे बघत कुणी बसलेलंच नव्हतं. दरम्यान थेंब आपल्या वेळेला पडत होते, १९५४ ला एक, १९६२ ला एक. १९६१ मध्ये जॉन मेनस्टोन नावाचे तरुण शास्त्रज्ञ विभागात रुजू झाले. त्यांना हे नरसाळं दाखवण्यात आलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. वरिष्ठांच्या मागे लागून, बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर, त्यांनी ते कपाटातून बाहेर काढून लोकांना दिसेल अशा जागी मांडून घेतलं. रुजू झाल्यापासून पन्नासहून जास्त वर्षं तेच त्याचे राखणदार होते.

आणि एवढ्या वर्षांत त्यांना एकही थेंब पडताना दिसला नाही.

१९७९ च्या एप्रिलमध्ये थेंब तुटायला आला होता. तो तुटला नेमका शनिवार-रविवारच्या सुट्टीत. १९८८ साली ब्रिस्बेनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे हे नरसाळं ठेवलेलं. मेनस्टोन काहीतरी प्यायला म्हणून पाच मिनिटं बाजूला गेले, तेवढ्यात सातवा थेंब पडून गेला. २००० साली त्यांनी शहाणपणा करून कॅमेरा लावला. नोव्हेंबरमध्ये आठवा थेंब पडला आणि नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याने दगा दिला. कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडून टाकलं असतं.

थेंब हुकतो याला नशीब थोडं आणि द्रवाचा स्वभाव जास्त कारणीभूत आहे. हे डांबर पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट दाट आहे, म्हणजे वाहायला तितकंच नाखूश. नळीच्या तोंडाशी थेंब फुगत जातो, लोंबतो, वर्षानुवर्षं लोंबतो. वरच्या डांबराशी त्याला जोडणारी मान बारीक होत होत दोऱ्याएवढी होते. मग ती तुटते आणि तुटायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. दहा वर्षं काहीच घडत नाही असं वाटतं आणि घडतं तेव्हा बघायची सोय नसते. शिवाय केव्हा घडेल हे हवेवरही अवलंबून. खोली उबदार असेल तर डांबर थोडं लवकर वाहतं, गार असेल तर अडून बसतं. सातव्या थेंबानंतर त्या इमारतीत वातानुकूलन आलं, माणसांना बरं वाटलं आणि थेंबांचं अंतर आठ-नऊ वर्षांवरून बारा-तेरावर गेलं.

२०१३ च्या जुलैमध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९४४ पासून चालू असलेल्या अशाच एका नरसाळ्यातून पडणारा थेंब प्रथमच कॅमेऱ्यात सापडला. ती चित्रफीत मेनस्टोन यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. पुढच्याच महिन्यात ते वारले. ब्रिस्बेनचा नववा थेंब पडला एप्रिल २०१४ मध्ये आणि तोही गंमत करून. तो खाली साचलेल्या आठव्या थेंबाला टेकला होता. नवे राखणदार भांडं बदलायला गेले, झाकण हललं आणि मान तुटली.

आता कंटाळ्याचं. पार्नेल असोत वा मेनस्टोन, ते तास घेत होते, पेपर तपासत होते, आपापलं संशोधन करत होते. थेंबासाठी करायचं काम आठवड्यातून फार तर दोन-चार मिनिटांचं. जाता-येता नजर टाकायची आणि पडला तर तारीख लिहायची. धीर हा स्वभावाचा मोठा गुण आहे असं आपण समजतो. मला तो बराचसा कारकुनीचा गुण वाटतो. तारीख लिहिली होती म्हणून आज आपण १९३८ चा डिसेंबर म्हणू शकतो. ती लिहिली नसती तर भांड्यात नुसताच काळा गोळा असता.

तुझ्या वर्गाने जे केलं तेच २००५ साली इग नोबेलवाल्यांनी केलं. लोकांना आधी हसवून मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला ते पारितोषिक देतात. त्या वर्षी भौतिकशास्त्राचं इग नोबेल मेनस्टोन यांना आणि मरणोत्तर पार्नेल यांना मिळालं. तेव्हा सरांना सांग, वर्ग हसला यात काही बिघडलं नाही. आणि हो, नरसाळ्यात अजून किमान शंभर वर्षं पुरेल इतकं डांबर आहे.


प्रश्न : असले उद्योग त्यांना परवडतात. आपल्याकडे पुतळा बसवला तर पाच वर्षांत त्याच्या चौथऱ्याकडे कुणी फिरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नेटाने एकच काम करत राहिलं, असं आपल्याकडचं एक तरी उदाहरण तुम्ही दाखवाल का?
— एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : चौथऱ्याबद्दल वाद घालत नाही. पण उदाहरण दाखवतो, आणि तेही तुमच्यापासून फार लांबचं नाही. अलिबागला गेलात तर समुद्रातल्या किल्ल्याकडे सगळे जातात. त्याच गावात एक चुंबकीय वेधशाळा आहे. तिची मूळ शाखा मुंबईत कुलाब्याला होती.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. जहाजांना अचूक वेळ सांगणं हे तिचं एक मुख्य काम. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली आणि १८४६ पासून ती सलग, नेमाने होऊ लागली. त्या काळात हे काम कसं चालत असेल ते डोळ्यासमोर आणा. अंधाऱ्या खोलीत टांगलेला एक लोहचुंबक. त्याची हालचाल उघड्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी सूक्ष्म, म्हणून ती दुर्बिणीतून एका मोजपट्टीवर वाचायची. दर तासाला वाचायची, रात्रीसुद्धा. आणि वहीत आकडा उतरवायचा. चुंबकात गडबड दिसली तर तासाऐवजी दर काही मिनिटांनी. जुलैच्या पावसात, कुलाब्याच्या त्या खारट दमट हवेत, पहाटे तीनला आकडा लिहिणाऱ्या माणसाला तो कशासाठी लिहितोय हे कुणी पटवून दिलं असेल असं मला वाटत नाही. नोकरी होती, त्याने लिहिला.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोल-अभ्यासक सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्यांना तिथे एकाएकी लख्ख प्रकाश दिसला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचा बोजवारा उडाला. अनेक वेधशाळांमधल्या उपकरणांचे काटे मोजपट्टीच्या बाहेर गेले. कुलाब्याच्या वहीत मात्र २ सप्टेंबरचे आकडे नीट उतरलेले आहेत. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलं होतं. अंदाज यावा म्हणून सांगतो. १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडाचा क्विबेक प्रांत अंधारात बुडवला, त्याचा आकडा सहाशेच्या आत होता.

कुलाब्याच्या त्या नोंदीचं मोल जगाला नव्याने उमगलं ते २००३ साली. अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी मिळून तिच्यावर निबंध लिहिला, आणि १८५९ चं वादळ किती मोठं होतं याची चर्चा तेव्हापासून कुलाब्याच्या आकड्यांना धरूनच होते. १६०० ही एका ठिकाणची, एका क्षणाची नोंद. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच खाली येतो, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. हा वाद घालता येतो तोही वहीतल्या नोंदी दर काही मिनिटांच्या आहेत म्हणूनच. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात १४४ वर्षांचं अंतर पडलं.

मला स्वतःला याहून जास्त आवडतो तो पुढचा भाग, जो वादळाइतका नाट्यमय नाही. मुंबईची ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवायचं ठरलं. विजेची ट्राम जवळून जाऊ लागली की चुंबकमापनाची वाट लागणार हे उघड होतं. तेव्हा कुलाब्याचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. मोजणी हलवायला हवी होती, पण कशीही नव्हे. अलिबागला जागा निवडली. इमारतीत लोखंडाचा खिळासुद्धा नको म्हणून तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरलं. १९०४ साली अलिबागला मोजणी सुरू झाली. पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. म्हणजे जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांची सांगड बसली आणि साठ वर्षांची साखळी तुटली नाही. मग १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या सगळ्या नोंदी छापून काढल्या.

घाई असती तर ही दोन वर्षं वाचवता आली असती. दुहेरी खर्च, दुहेरी माणसं, हिशेब तपासणाऱ्याला नक्कीच खुपलं असेल. पण ती वाचवली असती तर आधीच्या साठ वर्षांच्या वह्या आणि नंतरच्या शंभर वर्षांच्या वह्या एकमेकांना अनोळखी राहिल्या असत्या. काम पुढच्याच्या हाती देताना थोडा वेळ दोघांचेही हात त्यावर असावे लागतात. तुम्ही शिक्षक होता, वर्ग दुसऱ्याकडे सोपवताना हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळलं असेल. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला.


प्रश्न : वरचं सगळं ठीक, माझा प्रश्न शेतीचा. गाजरगवत उपटून, वखरून थकलो. पाऊस पडला की पुन्हा हजर. तणाचं बी जमिनीत असं किती वर्षं तग धरून राहतं?
— एक शेतकरी, संगमनेर तालुका

उत्तर : नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या मिशिगनच्या शेतकऱ्यांना पडला होता. तिथल्या शेती महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ साली त्याचं उत्तर शोधायला वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीत तणांच्या बऱ्याच जातींचं, प्रत्येकी ५० दाणे असं बी वाळूत कालवून भरलं. बाटल्यांना बूच लावलं नाही. तोंड खालच्या बाजूला तिरकं ठेवून त्या पुरल्या, म्हणजे आत पाणी साचू नये. दर पाच वर्षांनी एक बाटली उकरायची आणि बी रुजतं का बघायचं. शंभर वर्षांचं काम.

पण बी संपेना. म्हणून नंतरच्या राखणदारांनी आधी दहा वर्षांनी आणि १९८० पासून वीस वर्षांनी एक बाटली काढायचं ठरवलं. जागेचा नकाशा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. खणतात रात्रीच्या अंधारात, कारण एखाद्या बियाला क्षणभर उजेड लागला तरी ते रुजायला प्रवृत्त होतं आणि मग निकालावर भरवसा राहत नाही. २०२० ची बाटली साथीमुळे २०२१ च्या एप्रिलमध्ये निघाली आणि तिच्यातल्या वीस दाण्यांना कोंब आले. जवळजवळ सगळे व्हर्बास्कम नावाच्या एका रानरोपाचे. एकशे चाळीस वर्षांहून जुनं बी! चार बाटल्या अजून मातीत आहेत. शेवटची २१०० साली निघेल.

गाजरगवत त्या बाटल्यांत नव्हतं, त्यामुळे त्याचा हिशेब इथून लावता येणार नाही. बीलच्या बहुतेक जाती तर पहिल्या काही दशकांतच संपल्या. तुमच्यापुरतं सांगायचं तर दरवर्षी फुलोऱ्यात यायच्या आत उपटा आणि बांधावरचंही सोडू नका. जमिनीतला साठा नवं बी पडलं नाही तरच उतरत जातो. पहिल्या वर्षी फरक दिसणार नाही.


प्रश्न : लिफ्टची दोन मिनिटं मला सहन होत नाहीत, आणि माझ्यावर गेलेल्या मुलाला तर व्हिडिओसुद्धा दुप्पट वेगाने लागतो. धीर अंगी यावा म्हणून घरच्या घरी करता येण्यासारखं काही आहे का? ध्यान सांगू नका, करून झालं.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही सांगत.

लिफ्टची दोन मिनिटं लांबतात कारण त्या दोन मिनिटांत तुमचं लक्ष फक्त वेळेवर असतं. लोकलच्या इंडिकेटरवर चार मिनिटं दिसली की निम्मी तगमग कमी होते, ती याच कारणाने. गाडी लवकर येत नाही, लक्ष दुसरीकडे जायला मोकळं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. रिकामा वेळ जाता जात नाही, पण मागे वळून पाहिलं की तो आकसलेला असतो, कारण त्यात आठवायला काही नसतं. भरलेल्या वेळेचं उलटं. त्यामुळे नुसतं शांत बसून राहिल्याने धीर येतो यावर माझा विश्वास नाही. हळू चालणारी एखादी गोष्ट मोजायला घ्या.

गच्ची आहे ना? तिथे एक मीटर उंचीची सरळ सळई कुंडीत सिमेंट भरून ताठ उभी करा. दर रविवारी दुपारी घड्याळात बरोबर १२ वाजून ३९ मिनिटं झाली की सळईच्या सावलीच्या टोकाला खूण करायची आणि शेजारी तारीख लिहायची. मुलाला बरोबर घ्या. एवढं अर्ध्या मिनिटाचं काम.

वेळ १२.३९ चीच का? आपली घड्याळं चालतात मिर्झापूरजवळच्या रेखांशावर आणि मुंबईचा सूर्य त्यांच्यापेक्षा सरासरी ३९ मिनिटं मागे आहे. सरासरी म्हणतोय ते मुद्दाम. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईची खरी मध्यान्ह १२.२३ च्या सुमाराला होऊन जाते, तर फेब्रुवारीच्या मध्यापाशी १२.५३ पर्यंत होत नाही. म्हणून नोव्हेंबरात तुमची खूण पूर्वेकडे झुकलेली असेल, फेब्रुवारीत पश्चिमेकडे. मार्चमध्ये ती आठवड्याला पाच सेंटीमीटर तरी सळईकडे सरकेल आणि मुलगा म्हणेल, हे तर भराभर चाललंय. डिसेंबरच्या शेवटी सावलीची लांबी जवळजवळ तेवढीच राहते, ९० सेंटीमीटरच्या जरा पुढे, आणि खूण फक्त बाजूला सरकते. तेव्हा काहीतरी चुकलं असं वाटून सळई हलवायचा मोह होईल. हलवू नका.

मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सावली सळईच्या पायाशी लपते. त्यानंतर ती सळईच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडे पडते. जूनमध्ये तिची लांबी उणीपुरी सात-आठ सेंटीमीटर. वर्षभराच्या सगळ्या खुणा जोडल्या की इंग्रजी आठाचा आकडा तयार होतो. एक वेढा मोठा, एक लहान.

अडचण पावसाची. लहान वेढा एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरीपर्यंतचा, म्हणजे त्याची परतीची बाजू मुंबईत बहुतेक ढगांत जाईल. एखाद्या रविवारी उघडीप मिळाली तर ती खूण मिळवा, नाही तर ती जागा रिकामी ठेवून पुढच्या पावसाळ्यात बघा. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना १२.३९ सांगून ठेवा आणि त्यांचं घड्याळ बरोबर आहे ना ते आधी बघून घ्या. खूण खडूने करू नका, ऑइलपेंटने करा. आणि त्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग याच वर्षी निघणार असेल तर ते होईपर्यंत थांबा.